ब्रिटनची लाल टपालपेटी

पत्र टपालपेटीत टाकताना आपण कोणाकडे पावती मागत नाही. पेटीजवळ पहारेकरी नसतो, कारकून नसतो, पत्र मिळाल्याचे सांगणारेही कोणी नसते. लोखंडी पेटीच्या फटीतून पत्र आत सोडावयाचे आणि निश्चिंत मनाने घरी परतावयाचे, एवढेच आपल्या हाती असते. आपले पत्र वाटेत कोणी उघडणार नाही, ते गहाळ होणार नाही आणि ज्याचे त्यालाच मिळेल, अशी आपली खात्री असते. ही खात्री आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु ती एका दिवसात निर्माण झालेली नाही. ती कशी रुजली, कशी वाढली आणि प्रसंगी तिला धक्के कसे बसले, याचा इतिहास ब्रिटनच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या लाल टपालपेट्या मूकपणे सांगत असतात.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये पत्र पाठविणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती. पत्र किती दूर जावयाचे आणि त्यात कागद किती, यांवर टपालहशील ठरत असे. एका कागदाचे दोन झाले की हशीलही दुप्पट होई. लंडनहून एडिंबरोस जाणाऱ्या साध्या पत्रास एक शिलिंगाहून अधिक खर्च येई. मजुराच्या दिवसभराच्या मजुरीचा मोठा भाग त्यात खर्ची पडे. म्हणून काटकसरी लोक कागदावर आडव्या ओळी लिहून झाल्या की तोच कागद फिरवून त्यांवरूनच पुन्हा दुसऱ्या दिशेने लिहीत! शिवाय हे हशील बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केले जाई. काही लोक घडी केलेल्या पत्राच्या बाहेरच एखादी ठरलेली खूण करून ठेवीत. घेणारा ती खूण पाहून आपला माणूस खुशाल असल्याचे ताडी, आणि पैसे नसल्याचे सांगून पत्र परत करी. पार्लमेंटच्या सभासदांना मात्र आपली पत्रे फुकट पाठविण्याची सवलत होती. ज्यांना पैसे देणे शक्य होते त्यांना सूट आणि ज्यांना ते कठीण होते त्यांच्यावर भार, असा हा विपरीत न्याय होता.

ही व्यवस्था बदलण्यासाठी रोलंड हिल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पत्र वाहून नेण्यास लागणारा खर्च अंतरामुळे फारसा वाढत नाही. खरा खर्च हिशेब ठेवण्यात आणि दारोदार पैसे वसूल करण्यात होतो, हे त्याने आकडेवारीने दाखवून दिले. देशभर एकच अल्प दर असावा आणि तो पाठविणाऱ्याने आधीच भरावा, अशी त्याची सूचना होती. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाचे पत्र ब्रिटनमध्ये कोठेही एका पेनीत जाऊ लागले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘पेनी ब्लॅक’ हे जगातील पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट विक्रीस आले. १८३९ साली सुमारे ७ कोटी ६० लाख पत्रे गेली होती. १८४० मध्ये हा आकडा दुपटीच्याही पुढे, सुमारे १६ कोटी ९० लाखांपर्यंत गेला.

तिकीट आले, दर उतरला. पण पत्र द्यावयाचे कोठे, हा प्रश्न शिल्लकच राहिला. पत्र घेऊन टपाल कचेरीपर्यंत किंवा पत्रे स्वीकारणाऱ्या एखाद्या ठरावीक दुकानापर्यंत जावे लागे. काही शहरांतून टपालखात्याचा माणूस घंटा वाजवीत रस्त्याने फिरे आणि लोक आपली पत्रे त्याच्या हवाली करीत. या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले ते टपालखात्याच्याच एका नोकराने. त्याचे नाव अँथनी ट्रोलोप. पुढे हाच गृहस्थ इंग्रजी भाषेतील एक थोर कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला.

इंग्लिश खाडीतील जर्सी आणि गर्न्सी या बेटांवरील टपालव्यवस्था पाहण्यासाठी ट्रोलोपला १८५१ साली पाठविण्यात आले. बेटांवरील टपाल इंग्लंडला बोटीने जाई, आणि बोटीची वेळ वारा व भरती-ओहोटी यांवर अवलंबून असे. जर्सीतील सेंट हेलियर या गावात मुख्य कचेरीवाचून पत्रे देण्याची दुसरी जागाच नव्हती. गावाच्या टोकाला राहणाऱ्यांना त्यासाठी जवळजवळ मैलभर चालावे लागे. तिकिटे मात्र जागोजागी विकत मिळत. फ्रान्समध्ये रस्त्याच्या कडेला पत्रे टाकण्यासाठी पेट्या असतात, हे ट्रोलोपला ठाऊक होते. तसाच प्रयोग येथे करून पाहावा, असे त्याने वरिष्ठांना लिहिले. त्याची सूचना मान्य झाली आणि २३ नोव्हेंबर १८५२ रोजी सेंट हेलियरमध्ये चार टपालपेट्या सुरू झाल्या. पुढील वर्षी गर्न्सी बेटावरही पेट्या बसल्या. सेंट पीटर पोर्ट येथील युनियन स्ट्रीटवर त्यांपैकी एक आजही उभी आहे, आणि तिच्यात आजही पत्रे टाकली जातात.

१८५३ साली कार्लाइल येथे पेटी बसली. १८५५ साली लंडनच्या रस्त्यांवर पहिल्या सहा पेट्या दिसू लागल्या. तथापि नव्या गोष्टीकडे लोक प्रथम संशयानेच पाहतात. आपले खाजगी पत्र चव्हाट्यावरील लोखंडी खांबाच्या स्वाधीन करावे, हे अनेक वडीलधाऱ्यांना रुचेना. गमतीची गोष्ट अशी की, ट्रोलोपने स्वतःच पुढे एका कादंबरीत अशी एक वृद्ध स्त्री रंगविली. रस्त्यावरील पेटीत टाकलेले पत्र इच्छित स्थळी पोहोचेल, यावर तिचा काडीइतका विश्वास नाही! परंतु पत्रे पोहोचत राहिली. पेटीवर लिहिलेल्या वेळी पोस्टमन येत राहिला. वर्षानुवर्षे दिलेला शब्द पाळला गेला, तेव्हा कोठे संशयाची जागा विश्वासाने घेतली.

आरंभी प्रत्येक विभागाचा अधिकारी आपापल्या आवडीप्रमाणे पेट्या बनवून घेई. त्यामुळे कोठे षट्कोनी, कोठे अष्टकोनी, तर कोठे ग्रीक मंदिराच्या खांबासारख्या पेट्या दिसत. वॉरिक गावाच्या वेशींपाशी अशा खांबाच्या आकाराच्या दोन पेट्या अद्याप उभ्या आहेत. डॉर्सेट परगण्यातील बार्न्स क्रॉस येथील अष्टकोनी पेटीची फट उभी आहे. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर वापरात असलेल्या पेट्यांत ती सर्वांत जुनी मानली जाते. १८५९ साली सर्व देशासाठी पेटीचा एक नमुना ठरविण्यात आला. आडवी फट आणि तिच्यावर पुढे आलेली टोपी अशी त्याची रचना होती. टोपीमुळे पावसाचे पाणी आत जात नसे. १८६६ साली पेनफोल्ड या वास्तुशिल्पज्ञाने पानांच्या नक्षीने नटलेली सुबक षट्कोनी पेटी आखली. पुढे १८७९ मध्ये साध्या गोल आकाराची पेटी आली, आणि थोड्याफार फरकाने तोच आकार आजवर टिकून आहे. खेड्यापाड्यांसाठी भिंतीत बसविण्याच्या लहान पेट्या १८५७ पासूनच निघाल्या होत्या. १८९६ पासून दिव्याच्या खांबाला अडकविता येतील अशा त्याहूनही लहान पेट्या आल्या.

रंगाचीही एक कथा आहे. १८५९ पासून पेट्यांना गडद हिरवा रंग देण्यात येत असे. हेतू असा की, त्या परिसरात मिसळून जाव्यात आणि डोळ्यांना खुपू नयेत. पण त्या इतक्या मिसळून गेल्या की लोकांना त्या सापडेनात, आणि कोणी चालता चालता त्यांच्यावर आदळू लागले! तेव्हा १८७४ पासून त्यांना भडक लाल रंग देण्यास आरंभ झाला. देशातील सर्व पेट्या रंगवून होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. लोकांच्या उपयोगाची वस्तू लोकांना सहज दिसली पाहिजे, हा साधा धडा या रंगाने शिकविला.

या पेटीने केलेले सर्वांत मोठे काम मात्र डोळ्यांना दिसणारे नाही. पेटी पत्र टाकणाऱ्याचे नाव विचारीत नाही, त्याचा दर्जा पाहत नाही. उमरावाचे पत्र आणि त्याच्या घरातील मोलकरणीचे पत्र एकाच फटीतून आत जाते, एकाच पिशवीत पडते आणि एकाच दराने प्रवास करते. आपण कोणाला पत्र लिहितो हे मालकाला, शेजाऱ्याला किंवा टपाल कचेरीतील कारकुनाला कळू न देता ते पाठविता येणे, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. ज्याला फारसे हक्क नव्हते, त्यालाही आपले मनोगत गुप्तपणे कळविण्याचा हक्क या पेटीने मिळवून दिला.

प्रत्येक पेटीच्या दर्शनी बाजूस बहुधा राजमुकुट असतो आणि पेटी बसविली त्या वेळी राज्य करीत असलेल्या राजाची किंवा राणीची आद्याक्षरे असतात. त्यावरून पेटीचे वय ओळखता येते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, १८७९ ते १८८७ या अवधीत ओतलेल्या गोल पेट्यांवर मात्र ही अक्षरे घालावयाचेच राहून गेले. त्यांना लोक ‘निनावी पेट्या’ म्हणतात. आठवा एडवर्ड १९३६ साली अवघे अकरा महिने राज्यावर होता. त्यामुळे त्याच्या अक्षरांच्या पेट्या फार थोड्या आहेत. तिसऱ्या चार्ल्स राजाची अक्षरे असलेली पहिली पेटी २०२४ च्या जुलै महिन्यात केंब्रिजशायर परगण्यात बसविण्यात आली. जुन्या पेट्या राजा बदलला म्हणून काढून टाकीत नाहीत. त्यामुळे एकाच शहरात दीडशे वर्षांतील राजवटी शेजारी शेजारी उभ्या राहून पत्रे स्वीकारीत असतात.

पेटीवर राजसत्तेची खूण होती. म्हणूनच सत्तेशी झगडणाऱ्यांचा रोषही तिला सोसावा लागला. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ब्रिटनमध्ये मोठी चळवळ झाली. शांततेच्या मार्गाने केलेल्या मागणीकडे शासन लक्ष देत नाही, असे पाहून काही स्त्रियांनी उग्र मार्ग धरला. १९११ साली एमिली डेव्हिसन हिला लंडनमध्ये टपालपेटीस आग लावल्याबद्दल पकडण्यात आले. पुढील दोन-तीन वर्षांत अनेक ठिकाणी पेट्यांत जळते पदार्थ आणि शाई टाकण्यात आली. त्यांचा राग शासनावर होता. परंतु पत्रे जळाली ती सामान्य माणसांची. मार्ग योग्य की अयोग्य, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही होतो. एवढे मात्र खरे की, पेटीवरील आघात हा सर्व समाजाच्या वर्मावरील आघात ठरेल, हे त्या स्त्रियांनी अचूक ओळखले होते. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना आणि १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व प्रौढ स्त्रियांना मताधिकार मिळाला.

स्कॉटलंडमध्ये वाद निघाला तो एका आकड्यावरून. १९५२ साली एलिझाबेथ राणी राज्यावर आली आणि ‘दुसरी एलिझाबेथ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परंतु सोळाव्या शतकातील पहिली एलिझाबेथ ही इंग्लंडची राणी होती. स्कॉटलंडवर तिची सत्ता कधीच नव्हती. मग आमच्या भूमीवर ही ‘दुसरी’ कशी, असा स्कॉटिश लोकांचा सवाल होता. नव्या अक्षरांची पेटी नोव्हेंबर १९५२ मध्ये एडिंबरो येथील इंच या वसाहतीत बसली. तिच्यावर डांबर फासण्यात आले, हातोड्याचे घाव घालण्यात आले आणि अखेर १२ फेब्रुवारी १९५३ रोजी ती स्फोटाने उडविण्यात आली. त्यानंतर स्कॉटलंडमधील नव्या पेट्यांवर राणीची अक्षरे न घालता केवळ स्कॉटलंडचा मुकुट घालण्याची प्रथा पडली.

आयर्लंडने वेगळा मार्ग स्वीकारला. १९२२ साली आयरिश स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. तेथील नव्या शासनाने जुन्या पेट्या फोडल्या नाहीत. त्यांना हिरवा रंग दिला. आजही डब्लिनच्या रस्त्यांवर हिरव्या रंगाखाली व्हिक्टोरिया राणीची किंवा एडवर्ड राजाची अक्षरे उमटलेली दिसतात. सत्ता बदलली, रंग बदलला. पण लोकांचे पत्र पोहोचविण्याचे काम अखंड चालू राहिले.

आज ब्रिटनमध्ये सुमारे १,१५,००० टपालपेट्या आहेत. पत्रांची संख्या मात्र झपाट्याने घटली आहे. २००४-०५ साली सुमारे २,००० कोटी पत्रे गेली होती. २०२३-२४ साली ती सुमारे ६७० कोटींवर आली. निरोप आता क्षणार्धात दूरध्वनीच्या पडद्यावर उमटतो. तरीही या पेट्यांविषयी लोकांची माया कमी झालेली नाही. जुन्या पेट्या शक्यतो त्यांच्या जागीच जतन कराव्यात, असे धोरण टपालसंस्था आणि वारसा-संरक्षण संस्था यांनी मिळून २००२ साली ठरविले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ज्या खेळाडूंनी सुवर्णपदके मिळविली, त्यांच्या गौरवार्थ एकेक टपालपेटी सोनेरी रंगाने रंगविण्यात आली. विजयी वीराचा सन्मान करावयाचा तर तो त्याच्या गावच्या टपालपेटीतून करावा, असे लोकांना वाटले, यातच तिचे स्थान दिसून येते.

आपल्या देशातही १८५४ साली अंतराचा विचार न करता वजनावर दर आकारण्याची पद्धत सुरू झाली आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशात कोठेही जाऊ लागले. आपल्या गावच्या नाक्यावरील लाल पेटी ही त्या विलायती पेटीची धाकटी बहीणच होय. ऊन, पाऊस आणि धूळ सोशीत ती उभी असते. तिचे मोल तिच्या लोखंडात नाही. एका अनोळखी माणसाने दिलेला जिन्नस दुसऱ्या अनोळखी माणसापर्यंत अनेक अनोळखी हातांनी प्रामाणिकपणे पोहोचवावयाचा, हा जो समाजाने एकमेकांस दिलेला शब्द, त्याची ती खूण आहे. उद्या पत्रे लिहिली जातील किंवा न जातील. निरोपाची साधने बदलतील. परंतु तो शब्द पाळला जाईल तोवरच कोणतेही साधन विश्वासास पात्र ठरेल.