रक्ताचा दाखला

वंशभेद गोऱ्यांनी जहाजांतून वसाहतींत नेला, असा आपला समज असतो. नेला हे खरंच. पण तो आला कुठून? निवृत्तीनंतर स्पेनचा इतिहास वाचताना त्याचं एक उत्तर मला तोलेदो शहरात सापडलं, तेही कोलंबस निघण्याच्या त्रेचाळीस वर्षं आधी.

१३९१ च्या दंगलींत स्पेनमधल्या हजारो ज्यूंनी जिवाच्या भीतीने बाप्तिस्मा घेतला. त्यांची मुलं-नातवंडं ख्रिस्ती म्हणूनच वाढली. व्यापारात, करवसुलीत, शहराच्या कारभारात पुढे आली. १४४९ साली राजाच्या मंत्र्याने तोलेदोकडे दहा लाख माराव्हेदी मागितले. लोक खवळले आणि राग निघाला तो आलोन्सो कोता या ज्यू घराण्यातल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यावर. जमावाने त्याचं घर पेटवलं. बंडाचा म्होरक्या पेरो सार्मिएन्तो याने जूनमध्ये फर्मान काढलं: ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना शहरात अधिकारपद नाही.

धर्म एक, भाषा एक, चेहरेही सारखेच. मग दोष दाखवायचा कुठे? रक्तात! पोप पाचव्या निकोलसने त्याच वर्षी या प्रकाराचा निषेध केला. तरी १५४७ साली तोलेदोच्या कॅथेड्रलनेच असा नियम केला.

बँकेत जमीन तारण घेताना आम्ही मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासत असू. बोजा निघाला, तर तो फेडता येई. इथे उमेदवाराच्या आजे-पणज्यांचा शोध घेत, साक्षी नोंदवत. आणि निघालेला बोजा पिढ्यान् पिढ्या फिटत नसे. घोड्यांच्या पैदाशीसाठी वापरला जाणारा ‘रासा’ हा स्पॅनिश शब्द १६११ च्या कोव्हारुबियासच्या कोशात ज्यू किंवा मूर पूर्वजांच्या डागासाठीही दिलेला आहे. इंग्रजीतला ‘रेस’ त्याच कुळातला.

शेजारच्या पोर्तुगालमध्येही ‘जुने’ आणि ‘नवे’ ख्रिस्ती हा भेद होता. तो गोव्यातही आला. वैद्य गार्सिया द ओर्ता ‘नव्या’ घराण्यातला. त्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पुढे १५६९ साली इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं. तो स्वतः १५६८ मध्येच वारला होता, म्हणून १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

पोर्तुगालने हा भेद कायद्याने रद्द केला तो १७७३ साली. पणजीच्या चर्चजवळच्या बागेला आज ओर्ताचं नाव आहे. सुट्टीत तिथे गेलात, तर मुलांना एवढं जरूर सांगा, की कातडीचा रंग पाहण्याआधीच माणसांनी शेजाऱ्याच्या रक्तात खोट शोधायला सुरुवात केली होती; आणि त्या शोधाच्या मुळाशी एक कर होता, काही खुर्च्या होत्या.