विश्लेषण : घरचे ‘फ्रोझन’ कॉकटेल पाणचट का होते? त्यात लासलगावचा आंबा कुठून आला?

लासलगाव म्हटले की कांदा, लिलाव आणि दर एवढेच आठवते. मात्र परदेशातील मराठी घरांत उन्हाळ्यात मिक्सरमध्ये फिरणाऱ्या आंब्याच्या गारेगार पेयाशीही या गावाचा संबंध आहे. ‘मँगो डायकिरी’, ‘मँगो मार्गारिटा’, ‘पिन्या कोलाडा’ ही नावे आता नाशिक-पुण्यातील मेन्यूकार्डांवरही सर्रास दिसतात. पाहून घरी करायला गेले, की पहिल्या दोन घोटांनंतर ग्लासात राहते ते गोडसर पाणी. असे का होते आणि ते टाळायचे कसे?

लासलगाव आणि आंबा, हे कसे?

लासलगाव परिसरात आंबा मुख्य पीक नाही. निफाड तालुका कांद्याचा आणि द्राक्षांचा. पण भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये येथे ‘कृषक’ (कृषी उत्पादन संरक्षण केंद्र) हे विकिरण केंद्र सुरू केले. कांद्याला कोंब फुटू नयेत, हा त्यामागचा मूळ हेतू. पुढे ते आंब्याच्या कामी आले. १९८९ पासून भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे बंद होती. कोयीतील भुंग्यासारख्या किडी फळाबरोबर आपल्याकडे येतील, ही तिकडची भीती. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे मात्रा दिल्यास या किडींची वाढ आणि प्रजनन थांबते. हा उपाय मान्य झाला आणि २००७ च्या हंगामात कोकणचा हापूस लासलगावमार्गे अमेरिकेला निघाला. आता वाशीसारख्या ठिकाणीही ही सोय आहे. किरण फळातून आरपार जातात, त्यामुळे आंबा किरणोत्सारी होत नाही, हे मात्र अजूनही अनेकांना सांगावे लागते.

विमानाने गेलेला हा आंबा तिकडे इतका महाग पडतो, की तो मिक्सरमध्ये घालायला कुणाचा हात धजावत नाही. पेयासाठी डब्यातला रस वापरला जातो. त्यात शहाणपणही आहे. रम आणि लिंबापुढे हापूसचा नाजूक सुवास टिकत नाही. इकडेही या पेयासाठी पायरी, केसर किंवा डब्यातला रस पुरतो. पेटीतला हापूस कापूनच खावा.

ही पेये आली कुठून?

डायकिरी हे क्युबातील सँतियागोजवळच्या खाणवस्तीचे नाव. रम, लिंबू आणि साखर हे त्याचे मूळ रूप. विजेचे ब्लेंडर आल्यावर १९३० च्या दशकात हवानातील ‘फ्लोरिदिता’ बारने बर्फासह घुसळलेली डायकिरी प्रसिद्ध केली. अननस आणि नारळाचा पिन्या कोलाडा पोर्तो रिकोचा. मार्गारिटाची गोष्ट अधिक रंजक. डॅलसमधील मारियानो मार्टिनेझ यांच्या रेस्तराँत गर्दी इतकी होऊ लागली, की हाताने केलेल्या पेयाची चव दर ग्लासाला बदलू लागली. तेव्हा त्यांनी १९७१ मध्ये सॉफ्ट आइस्क्रीमच्या यंत्रात फेरफार करून थेट गोठलेली मार्गारिटा काढली. ते यंत्र आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

घरचे पेय पाणचट का होते?

मुख्य कारण बर्फ. कोमट रस, कपाटातली रम आणि वरून भरपूर बर्फ असे एकत्र फिरवले, की सगळे गार करण्यातच निम्मा बर्फ वितळतो. शिवाय मिक्सरचे पातेही उष्णता देते. उपाय सोपा आहे : पाणी गोठवण्याऐवजी फळच गोठवावे. आंब्याच्या फोडी किंवा रसाचे ठोकळे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले, तर बर्फाचे काम फळच करते आणि वितळले तरी चव उतरत नाही. रमची बाटलीही फ्रीझरमध्ये ठेवता येते. घरगुती फ्रीझर साधारण उणे १८ अंशांचा असतो आणि ४२.८ टक्के अल्कोहोल असलेली रम त्या तापमानाला गोठत नाही.

दुसरी चूक प्रमाणाची. अल्कोहोल आणि साखर दोन्ही गोठणबिंदू खाली आणतात. रम जास्त झाली तर कितीही फिरवा, पेय घट्ट होत नाही. साखर फार कमी असेल, तर खडखडीत खडा होतो. शिवाय थंडीने जिभेला गोडी कमी जाणवते. म्हणून मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड लागले पाहिजे.

दोन ग्लासांसाठी गोठलेल्या आंब्याच्या फोडी ३०० ग्रॅम, रम ९० मिलि, लिंबाचा रस ४० मिलि, साखरेचा पाक ३० मिलि आणि चुरलेला बर्फ मूठभर, १०० ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर मीठ. यात अल्कोहोल साधारण सात टक्के येते. आधी द्रव पदार्थ, मग फोडी, शेवटी बर्फ. सलग न फिरवता थांबत थांबत फिरवावे. आपल्याकडचा मिक्सर चटणी-वाटणाचा. बर्फाच्या अख्ख्या ठोकळ्यांनी पात्याची धार जाते. बर्फ जाड फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडून घेतलेला बरा.

पिन्या कोलाडासाठी नारळाचे घट्ट दूध वापरावे. त्याऐवजी गाई-म्हशीचे दूध घातले आणि अननस ताजा असला, तर अननसातील विकर दुधातील प्रथिने तोडते आणि पेय थोड्याच वेळात कडवट होते.

बर्फ कोणता वापरायचा?

बर्फ घरचाच असावा. बाहेरून आणायचा तर रंग पाहावा : खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा, म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून त्यात निळा रंग मिसळण्याचे बंधन आहे. घरच्या बर्फाचीही एक तक्रार असते, आणि कांद्याच्या गावाला ती सांगायला नको. उघड्या ट्रेमधला बर्फ फ्रीजमधले वास ओढून घेतो. अर्धा चिरलेला कांदा आत असेल, तर डायकिरीला कांद्याची झाक येते. ट्रेला झाकण हवे.

निफाडकडच्या घरांसाठी आणखी सोय म्हणजे द्राक्षे. हंगामात बिनबियांची द्राक्षे देठ काढून, नीट धुऊन, पूर्ण कोरडी करून ताटात सुटी सुटी गोठवावीत, मग डब्यात भरावीत. नाशिकच्या पांढऱ्या वाइनबरोबर लिंबू आणि थोडा पाक घालून ती फिरवली, की वेगळा बर्फ लागतच नाही. अख्खी गोठलेली द्राक्षे लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नयेत, घशात अडकतात.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वयाची अट बिअर-वाइनसाठी २१, तर रम, व्होडका, टकिलासारख्या मद्यांसाठी २५ वर्षे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तेथे या कृतीतला आंबाच तेवढा चालेल.

धोका कुठे आहे?

चवीत. गारवा, गोडी आणि आंबट यांत मद्याचा तिखटपणा लपतो. वरच्या प्रमाणात एका ग्लासात ४५ मिलि रम असते, म्हणजे दीड लहान पेग. पण ते पेग मोजून ओतलेले नसतात, जगमधून पुन्हा पुन्हा भरलेले असतात. तिसरा ग्लास रिकामा होईतो साडेचार पेग झालेले असतात आणि पिणाऱ्याला सरबत प्यायल्यासारखेच वाटते. वाहन चालवताना रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिला ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडायला यातला एक ग्लासही अनेकांना पुरतो. पाहुणे गाडीने आले असतील, तर रम जगमध्ये न घालता ग्लासात मापाने ओतणे हा व्यवहार्य उपाय.

मद्य नको असेल तर?

याच तंत्राने पन्हे उत्तम होते. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची आणि मीठ यांचे घट्ट मिश्रण ठोकळ्यांत गोठवावे आणि थोड्या गार पाण्याबरोबर फिरवावे. मद्य नसल्याने ते अधिक कडक गोठते, म्हणून गुळाचा हात सढळ ठेवावा आणि फिरवण्याआधी ठोकळे पाच मिनिटे बाहेर काढून ठेवावेत. कोकमाचा आगळही असाच चालतो, फक्त त्यातले मीठ आधी चाखून पाहावे.