टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी

रायपूर शहर मागे टाकून बिलासपूरच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात बीरगांव येते. नावात गाव असले, तरी उरला औद्योगिक वसाहतीच्या अंगाने वाढलेले हे कारखानदारीचे नगर आहे. लोखंडी माल वाहणारे ट्रक, कामाची पाळी संपवून घरी परतणाऱ्या कामगारांच्या मोटारसायकली आणि या साऱ्यांतून वाट काढणाऱ्या प्रवाशांच्या मोटारी, असे या रस्त्याचे नित्याचे रूप.

समजा, आपण मे महिन्यात नागपूरहून सहकुटुंब निघाला आहात. बिंबाजी भोसल्यांनी जेथून छत्तीसगडचा कारभार पाहिला, त्या रतनपूरला जाऊन महामायेचे दर्शन घ्यावयाचे आहे. पारा चव्वेचाळीस अंशांवर गेलेला. पेट्रोलचा काटा खाली आला, म्हणून बीरगांवजवळच्या एका पंपावर आपण गाडी वळविता. मागे आजीबाई बसल्या आहेत आणि त्यांच्या मांडीवर नातवाचा नुकताच डोळा लागला आहे. पंपावरचा कामगार हाताने किल्ली फिरविल्याची खूण करतो : इंजिन बंद करा. तोच मागून आवाज येतो, “अरे, दोन मिनिटांचा तर प्रश्न! गार हवा बंद केलीस तर पोर उठेल ना.”

अशा वेळी आपण काय करता?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरले आणि काही झाले नाही, असा अनुभव असंख्य लोकांचा आहे. तो खोटा नाही. पण त्या अनुभवातच धोक्याचे मूळ आहे. शंभर वेळा काही न घडल्यामुळे सवय जडते, आणि पंपावरचा फलक म्हणजे सरकारी शिष्टाचार वाटू लागतो. म्हणून फलकामागचे कारण एकदा नीट समजून घेणे बरे.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. खरे म्हणजे जळते ती त्याची वाफ. उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोल ठिणगीने पेट घेण्याइतकी वाफ सोडीत असते. मग छत्तीसगडच्या उन्हाळ्याची गोष्टच सोडा. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून न जाता खाली उतरते, जमिनीलगत पसरते आणि खळग्यात साचून राहते. आता टाकीत तीस लिटर पेट्रोल ओतले, की तेथे आधी असलेली जवळजवळ तितकीच वाफमिश्रित हवा तोंडातून बाहेर ढकलली जाते. उन्हाळ्यात कडक उन्हामध्ये टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना आपण पाहिली असेल. ती हीच वाफ.

यात एक गमतीची गोष्ट आहे. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते, की तेथे ती सहसा पेटू शकत नाही; जळण्यास पुरेशी हवाच तिला मिळत नाही. मिश्रणात वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे दीड ते साडेसात असले, तरच ते पेट घेते. टाकीतली दाट वाफ बाहेरच्या हवेत विरळ होत जाताना कोठेतरी हे प्रमाण गाठतेच, आणि ते गाठते नेमके टाकीच्या तोंडाजवळ, जेथे आपण उभे असतो तेथे. जळण आणि हवा या दोन गोष्टी पंपावर असणारच; त्या कोणी काढून घेऊ शकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे ठिणगी. आपल्या हाती आहे ती एवढीच.

चालू इंजिन ही ठिणगी कशी पुरविते? विजेची निर्मिती करणारे यंत्र, सैल झालेली एखादी तार, निगा न राखलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून फुटणारा धुराचा स्फोट, अशा अनेक वाटा आहेत. सायलेन्सरच्या मार्गातील काही भाग तर शेकडो अंश तापलेले असतात. येथे चौकस वाचक विचारील, की इंजिन बंद केल्याने तापलेला सायलेन्सर क्षणात थंड होतो काय? मुळीच नाही. इंजिन बंद करणे म्हणजे सर्व धोका नाहीसा करणे नव्हे. पण विजेच्या ठिणग्या थांबतात, धुराचा झोत थांबतो, आणि आणखी एक गोष्ट साधते, जिचा विचार आपण फारसा करीत नाही : गाडी जागची हलत नाही. चालकाचा पाय चुकून सरकला किंवा ‘झाले’ असे समजून त्याने गाडी पुढे काढली, तर टाकीत अडकलेली नळी ओढली जाऊन पेट्रोल उधळते.

हे कल्पनेतले भय नाही. मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यतींत १९९४ पासून काही वर्षे इंजिन चालू ठेवूनच इंधन भरीत असत. नळीची जोडणी हवाबंद असे, भरणारे लोक कसलेले असत आणि अंगावर अग्निरोधक पोशाख असे. तरीही १९९४ च्या जुलैमध्ये जर्मनीतील हॉकेनहाइम येथे योस व्हर्स्टापन यांच्या गाडीत इंधन भरताना पेट्रोल बाहेर उडाले आणि काही क्षणांत गाडी व तिच्याभोवतीची माणसे ज्वाळांनी वेढली गेली. सुदैवाने सारे वाचले. २००९ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत हेइकी कोवालाइनेन नळी अडकलेली असतानाच निघाले. तिच्यातून उडालेले पेट्रोल मागून येणाऱ्या किमी रायकोनेन यांच्या गाडीवर पडून पेटले. पुढच्या वर्षापासून शर्यतीत इंधन भरणेच बंद झाले. इतक्या सज्ज ठिकाणी जे चुकले, ते बीरगांवच्या पंपावर पाळी सुटण्याच्या गर्दीत चुकणार नाही, असे कोणी म्हणावे?

मोटारसायकलवाल्यांसाठी तर ही गोष्ट अधिकच जवळची. मोटारीची टाकी मागे असते आणि इंजिन बहुधा पुढे. दोहोंत काही अंतर असते. मोटारसायकलची टाकी मात्र थेट तापलेल्या इंजिनावर बसविलेली, आणि ती पुन्हा स्वाराच्या दोन गुडघ्यांमध्ये! काठोकाठ भरण्याच्या हौसेने चार थेंब सांडले, तर ते कोठे ओघळतील हे सांगावयास नको. म्हणून इंजिन बंद करावेच; पण त्याबरोबर स्वाराने आणि मागे बसलेल्या मंडळींनी खालीही उतरावे. लहान मुलाला टाकीवर पुढे बसवून पेट्रोल भरणारे पालक दिसतात, तेव्हा काळजाचा ठोका चुकतो.

ट्रकचालकांचे म्हणणे वेगळे असते : “डिझेल काही असे पेटत नाही.” थंड प्रदेशात यात पुष्कळ तथ्य आहे. डिझेलची वाफ पेट्रोलच्या मानाने फारच कमी. पण आपल्या देशात मोटारींच्या डिझेलला लावलेले प्रमाण असे, की किमान पस्तीस अंशांपर्यंत त्याने पेटण्याजोगी वाफ सोडू नये. प्रत्यक्षात ही मर्यादा बहुधा आणखी वर असते. परंतु रायपूरच्या उन्हात, तापलेल्या लोखंडी टाकीत, तिच्यावर किती विसंबावे? शिवाय शेजारच्या नळीवर पेट्रोल भरले जात असतेच. शेजाऱ्याच्या वाफेला आपला ट्रक डिझेलचा आहे हे ठाऊक नसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परदेशांत, जेथे लोक आपल्या हातांनी पेट्रोल भरतात, तेथे पंपावरच्या पुष्कळ आगींचे कारण अंगावरची स्थिर वीज ठरले आहे. नळी लावून माणूस गाडीत जाऊन बसतो, आसनाशी कपडे घासले जातात, आणि परत येऊन नळीला हात लावताच ठिणगी पडते. आपल्याकडे नळी पंपावरच्या कामगाराच्या हाती असते, हे एक भाग्यच. तरी पेट्रोल भरणे चालू असताना गाडीत चढ-उतार करू नये, हे उत्तम.

आपले पंप १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाच्या चौकटीत चालतात. त्यांना परवाना देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय कोठे आहे, ठाऊक आहे? ज्या नागपूरहून आपण सकाळी निघालात, तेथेच!

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळू. कारण चव्वेचाळीस अंशांत बाळाची काळजी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पंपावर वळण्यापूर्वी गाडी चांगली गार करून घ्यावी. बंद गाडीतला गारवा दोन-तीन मिनिटे सहज टिकतो. रांग मोठी असेल, तर भरावयास सुरुवात होण्याआधीच आजी व नातू यांना नळ्यांपासून दूर सावलीत उतरवावे. मात्र इंजिन बंद असलेल्या गाडीत मुलाला एकटे ठेवून पैसे देण्यास किंवा पाणी आणण्यास कधीही जाऊ नये. उन्हातील बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि त्याला फार वेळ लागत नाही.

कित्येक जण इंजिन बंद करीत नाहीत ते आळसाने नव्हे, तर भीतीने : सेल्फ पुन्हा लागलाच नाही तर? अशी गाडी पंपावर नेण्याआधी बॅटरीवाल्याकडे न्यावी. लोकांच्या मदतीने गाडी ढकलण्याची लाज दोन मिनिटांची असते. पुन्हा सुरू करतानाही ठिणगी पडते, ही हरकत बरोबर आहे. त्यासाठीच नळी जागेवर टांगली गेली, झाकण घट्ट बसले आणि सांडलेले काही असल्यास पुसले गेले, की मग किल्ली फिरवावी. मोटारसायकल तर चार पावले हाताने पुढे नेऊनच सुरू करावी.

आणि इतके करूनही टाकीच्या तोंडाशी ज्वाळा दिसलीच, तर नळी उपसून काढण्याचा मोह आवरावा. उपसलेली नळी पेट्रोल आणि आग दोन्ही सभोवार उधळते. ती तेथेच राहू द्यावी, गाडीतील माणसांना खाली उतरवून दूर न्यावे आणि पंप बंद करण्यासाठी मोठ्याने ओरडावे. कळ कोठे आहे आणि वाळूच्या बादल्या कोठे टांगल्या आहेत, हे पंपावरच्या कामगाराला माहीत असते. पुढच्या खेपेस टाकी भरेपर्यंत रिकाम्या उभ्या असाल, तेव्हा त्या आपणही एकदा पाहून ठेवा.