मुलांच्या तोंडात चामखीळ? घाबरू नका, दुर्लक्षही करू नका

मुलाचे दात घासताना जिभेवर, टाळूवर किंवा ओठाच्या आतल्या बाजूला फुलकोबीच्या तुऱ्यासारखी बारीक गाठ दिसली, की आईबाबांचे धाबे दणाणते. मोबाइलवर शोधले तर आधी ‘एचपीव्ही’ आणि लगेच ‘कॅन्सर’ हा शब्द समोर येतो. पण या दोन शब्दांमध्ये बरेच अंतर आहे, ते आधी समजून घ्या.

एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे 200 हून अधिक प्रकार आहेत. मुलांच्या तोंडातल्या गाठी बहुतेकदा 6 आणि 11 या कमी धोक्याच्या प्रकारांमुळे होतात. त्या सहसा दुखत नाहीत आणि त्यांचा कॅन्सर होणे फारच दुर्मीळ. घशाच्या कॅन्सरशी ज्याचा संबंध आहे, तो मुख्यतः 16 हा प्रकार, आणि तो कॅन्सर व्हायलाही अनेक वर्षे जावी लागतात. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच एक-दोन वर्षांत परतवून लावते.

संसर्ग होतो कसा?

बाळाला तो जन्माच्या वेळी आईकडून मिळू शकतो. हातावर चामखीळ असलेले मूल बोटे चोखत असेल, नखे कुरतडत असेल, तर विषाणू हातावरून तोंडात जातो. किशोरवयात मुखमैथुन हेही एक कारण असते. म्हणून गाठ दिसताच मुलावर संशय घेऊ नका, त्याला रागावू नका. मात्र मूल एखाद्या व्यक्तीला घाबरत असेल, अचानक गप्प झाले असेल, तर त्याचे शांतपणे ऐकून घ्या आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर मदत मिळते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन-तीन आठवड्यांत गाठ गेली नाही, वाढली, तिच्यातून रक्त आले, तर दंतवैद्याला दाखवा. गरज वाटल्यास ते जागा बधिर करून गाठ काढतात आणि तुकडा तपासणीला पाठवतात. मुलाचा आवाज बरेच दिवस घोगरा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, कारण हेच विषाणू स्वरयंत्रावरही गाठी आणतात. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा धाप लागत असेल तर अजिबात थांबू नका. घरी चुना किंवा ॲसिड लावणे, दोऱ्याने बांधणे असले उपाय मुळीच करू नका.

लस फक्त मुलींसाठी नाही

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वाव्हॅक’ ही पहिली भारतीय एचपीव्ही लस जानेवारी 2023 मध्ये आली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांपासून संरक्षण देते आणि 9 ते 26 वर्षांच्या मुलींप्रमाणे मुलांनाही देता येते. 9 ते 14 वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, त्यानंतर तीन डोस असे तिचे वेळापत्रक आहे.

लसीचा तोंडासाठी उपयोग होतो का? कोस्टा रिकामध्ये तरुणींवर झालेल्या अभ्यासात, अशाच एका लसीनंतर चार वर्षांनी तोंडातला 16 आणि 18 प्रकारांचा संसर्ग सुमारे 93 टक्क्यांनी कमी आढळला. ऑस्ट्रेलियात लसीकरणानंतर मुलांच्या स्वरयंत्रावरील गाठींचे नवे रुग्णही खूप घटले.

एक मात्र लक्षात ठेवा, लस झालेला संसर्ग बरा करत नाही, पुढचा टाळते. म्हणूनच ती लहान वयात घेणे फायद्याचे. ‘मुलगा आहे, त्याला कशाला?’ हा विचार सोडा आणि पुढच्या भेटीत बालरोगतज्ज्ञांना नक्की विचारा.

आणि हो, आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे सर्वांत मोठे कारण आजही तंबाखूच आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी मुलांच्या खिशात पुडी सापडतेच. तेव्हा लसीबरोबर घरात या विषयावरही बोला. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात मुलांचे तोंड उघडून बघा. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.