मागाहून आलेलं सगळंच उपरं नसतं

मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. ही दगडी इमारत १८७० साली पूर्ण झाली, तेव्हा तिला उतरतं छप्पर होतं. १९६० च्या दशकात ते जाऊन तिथे काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. पुढे तो गळायला लागला आणि जुन्या बांधकामाच्या जिवावर उठला. २०२३ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात तो काढून उतरतं छप्पर पुन्हा चढवलं, आणि ते योग्यच झालं.

पण हाच न्याय पुण्याच्या विश्रामबागवाड्याला लावता येणार नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याची पूर्वेकडची बाजू १८७९ च्या आगीत जळाली आणि लोकवर्गणीतून पुन्हा उभी राहिली. ती पेशवाईतली नाही म्हणून उद्या कोणी उतरवायला निघालं, तर वाड्यासाठी पुणेकरांनी केलेली पदरमोडच पुसली जाईल. मला तो भाग बाजीरावाच्या दिवाणखान्याइतकाच मोलाचा वाटतो.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने हे स्पष्ट सांगितलं आहे. वास्तूत प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपायची. वरचा थर काढायचा तो अपवाद म्हणून, त्याला फारसं मोल नसेल आणि खालचं खरोखर मौल्यवान व सुस्थितीत असेल तेव्हाच. शिवाय हा निर्णय काम करणाऱ्या एकट्यावर सोडायचा नाही. आपल्याकडे नेमकी हीच अट विसरली जाते. ‘मूळ रूप’ आणायचं ठरतं आणि दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा चालू होतो.

त्याआधी भिंत वाचायला हवी. कोपऱ्यातला हातभर तुकडा निवडून रंगाचा एकेक थर सर्जिकल ब्लेडने पायरीपायरीने उघडत जायचं. वर ऑइलपेंट, खाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याचे हात, आणि नशीब असेल तर एखादी वेलबुट्टी. प्रत्येक पायरीचा फोटो आणि नोंद हवी, कारण काढलेला थर परत येत नाही.

सर्वांत अवघड असतो सिमेंटचा गिलावा. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. मग क्षार फुलतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. म्हणून सिमेंट काढायचंच, पण हलक्या हाताने. ठोकताना विटेचा पृष्ठभागच सोबत निघायला लागला तर थांबावं, तेवढा भाग तसाच ठेवावा आणि आधी छपराची गळती व पायथ्याशी साचणारं पाणी बंद करावं.