‘बटाटे खाणारे’ : चित्रांतील भाव आणि प्रतीचा दोष

एका प्रतीवरून मूळाचा निर्णय करूं नये, हा नियम पोथ्या पारखणारांस विदितच आहे. चित्रांतील भाव जोखतांनाही तो पाळावा लागतो, हें एका शेतकरी कुटुंबाच्या चित्रावरून दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

हॉलंडांतील न्यूनेन या खेड्यांत व्हिन्सेंट व्हान गॉग यानें इ. स. १८८५ च्या वसंतांत हें चित्र रंगविलें. सांप्रत तें आम्स्टरडॅम येथें त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे. टांगलेल्या दिव्याखालीं पांच माणसें जेवावयास बसलीं आहेत; मध्यें बटाट्यांचें ताट, आणि एक वृद्धा पेल्यांत कॉफी ओतीत आहे. कोणी हंसत नाहीं, कोणी रडत नाहीं. नजराही एकमेकींस मिळत नाहींत. मग भाव कोठें आहे?

साहित्यशास्त्राच्या परिभाषेंत सांगावयाचें तर मिणमिणता दिवा व काळवंडलेली खोली हे येथें विभाव, आणि हाडकुळे, राबलेले हात हे अनुभाव होत. ज्या हातांनीं जमीन खणली तेच हात ताटांत आहेत, हें दिसावें, असा आपला हेतु व्हिन्सेंटनें आपला बंधु थिओ यास पत्रानें कळविला होता. म्हणून आम्ही यास करुण म्हणत नाहीं; कष्टाच्या घासाची ही धृति होय. ती व्यक्त होते ती मुख्यतः रंगानें. तो रंग माती लागलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा आहे.

मूळ चित्र पुरें होण्यापूर्वींच व्हिन्सेंटनें याच रचनेचा शिळाछाप काढिला होता. शिळेवर आकृति उलटी न काढल्यामुळें छापांत उजवें तें डावें झालें. रंग तर गेलाच. हा छाप पाहून त्याचा मित्र आंतोन व्हान रापार्ड यानें मे महिन्यांत कठोर पत्र लिहिलें : काम वरवरचें आहे, हात आखूड आहे. व्हिन्सेंटनें तें पत्र तसेंच परत धाडिलें, आणि सुमारें पांच वर्षांचा स्नेह तुटण्याच्या मार्गास लागला. छापांत दोष होतेच. परंतु ज्या रंगांत भाव होता, तो रापार्डपुढें नव्हता.

शिळाछाप पोथीवरून मूळ ग्रंथाविषयीं मत देण्याचा मोह आम्हांसही अनेकदां झाला आहे. प्रतीचा दोष प्रतीच्याच पदरीं घालावा. मूळ पाहिल्यावांचून त्यास नीरस म्हणूं नये.