दाखला डॉक्टरचा, मात्रा कुणाची?

(लेखांक 4)

अमेरिकेतला डॉक्टर गांजाची चिठ्ठी लिहून देत नाही. तो फक्त दाखला देतो. 1970 च्या केंद्रीय कायद्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीत बसवलं आणि त्या अनुसूचीतल्या पदार्थांची चिठ्ठी लिहिण्याची वाटच बंद केली. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी रुग्णांसाठी गांजाला मोकळीक दिली, तेव्हा शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचे परवाने काढून घेऊ, असा इशारा केंद्र सरकारने दिला. डॉ. मार्कस कोनंट आणि इतर काही जण त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 2002 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला: रुग्णाला गांजाचा सल्ला देणं हे भाषणस्वातंत्र्यात मोडतं, तो मिळवून द्यायला हातभार लावणं मात्र त्यात बसत नाही. राज्याराज्यांच्या योजना या मर्यादेतच आखल्या गेल्या. डॉक्टर आजाराची खात्री देतो, सरकार कार्ड देतं, माल परवानाधारक दुकानात मिळतो. या वाटणीत उपचाराची जबाबदारी तिघांपैकी कुणाच्याच अंगावर नीट पडत नाही. माझ्या मते ती डॉक्टरनेच उचलायला हवी, आणि कायद्यालाही तेच अपेक्षित आहे.

पेनसिल्व्हेनियाचा 2016 चा कायदा पाहा. डॉक्टरला आधी चार तासांचं प्रशिक्षण घेऊन राज्याच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करावी लागते. रुग्ण ऑनलाइन नाव नोंदवतो, डॉक्टर त्याचे जुने कागद तपासतो, त्याने आधी कोणती नियंत्रित औषधं घेतली हे राज्याच्या नोंदींत पाहतो आणि ठरवून दिलेल्या यादीतला आजार असेल तर दाखला भरतो. मग रुग्णाने 50 डॉलर भरले की कार्ड घरी येतं. दाखल्यात डॉक्टरला काय नमूद करायचं असतं, ते बारकाईने वाचण्यासारखं आहे: रुग्णाला अमुक गंभीर आजार आहे, त्यासाठी तो माझ्या सततच्या देखरेखीखाली आहे, आणि आधीचे उपचार पाहता त्याला गांजाचा लाभ होण्याची शक्यता आहे. कोणत्या स्वरूपात आणि किती घ्यायचा, हे मात्र डॉक्टरने लिहायलाच हवं असं नाही; तो प्रश्न दुकानातल्या वैद्यकीय जाणकारावर सोडता येतो. रक्तदाबाच्या साध्या गोळीच्या चिठ्ठीवरसुद्धा नाव, मिलिग्रॅम, वेळा आणि दिवस असतात. इथे यातलं काहीही नसलेला दाखला वैध ठरतो.

याचे परिणाम काय होतात, याचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2017 च्या अहवालाला गांजाच्या उपयोगाचा भक्कम आधार सापडला तो मोजक्या तक्रारींत: प्रौढांची जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा. चिंताविकार त्या गटात नव्हता. तरी पेनसिल्व्हेनियाने 2019 मध्ये तो यादीत घेतला. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये 186 प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध केली. वेदना, निद्रानाश, चिंता किंवा नैराश्याची लक्षणं असलेल्या या लोकांपैकी काहींना लगेच कार्ड काढायला सांगितलं, बाकीच्यांना बारा आठवडे थांबवलं. लगेच कार्ड मिळालेल्यांची झोप सुधारली. वेदना, चिंता आणि नैराश्य यांत फरक पडला नाही, आणि गांजाच्या व्यसनाची लक्षणं दिसण्याचं प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त निघालं.

यावर कुणी म्हणेल, त्या लोकांनी माल आणि मात्रा स्वतःच्या मनाने निवडली. मग दोष गांजाचा कसा? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. दाखला मिळाल्यावर रुग्ण नेमका असाच एकटा पडतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विमा या खर्चाला हात लावत नाही, अनेक डॉक्टर नोंदणीच्या फंदात पडत नाहीत, तेव्हा आणखी अटी घातल्या तर कर्करोगाचा रुग्ण ताटकळेल. त्याला ताटकळत ठेवणं अन्यायाचंच होईल. म्हणून पहिला दाखला अवघड करू नये. त्यानंतरची देखरेख पक्की करावी. काही आठवड्यांनी एक भेट घ्यावी, झोप कशी आहे, वेदना किती, मात्रा वाढत चालली आहे का, हे विचारावं आणि उत्तरं नोंदवून ठेवावीत. यात केंद्रीय कायदा आडवा येतो, हे म्हणणं टिकत नाही. सल्ला देण्याला न्यायालयाचं संरक्षण आहे, आणि लाभ होत नसेल तर आरोग्य खात्याला तसं कळवणं हे पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानेच डॉक्टरचं कर्तव्य ठरवलं आहे. वर्षातून एकदा भेटणाऱ्या, केवळ दाखले देणाऱ्या दवाखान्याला हे कळणार कसं? नूतनीकरणाच्या वेळी मधल्या भेटींची नोंद मागितली, तर ‘सततची देखरेख’ कागदावरून प्रत्यक्षात उतरेल.

अमेरिकेत नातेवाईक असलेल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. हा दाखला राज्याच्या कायद्यापुरताच चालतो. तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याने एप्रिल 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे की, राज्यात कायदेशीर असलेला गांजाचा वापरही नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. ग्रीन कार्डवर किंवा व्हिसावर असलेल्याने डॉक्टरकडे जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.